पाठ झालेला चौरस आहार

गोमंतकाच्या बाजारात रोज येणाऱ्या भाजीपाल्याचा मोठा वाटा बेळगाव परिसराचा असतो. जी माती शेजाऱ्यांची ताटे भरते, तिच्याच लेकरांना स्वतःच्या ताटाविषयी काय उमगते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला उपेक्षणीय वाटत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. कर्नाटकात ‘अक्षर दासोह’ योजना आली, 2013 पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेचे दूध मिळू लागले आणि 2024 मध्ये त्या दुधात रागीचीही भर पडली. अंडे, आणि ते न खाणाऱ्यांस केळे, अशीही सोय झाली. प्राथमिक वर्गातील मुलाच्या भोजनात 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने असावीत, असा दंडक आहे.

परंतु पोटात अन्न गेले म्हणजे त्याचे मर्म कळले, असे नव्हे. प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे ही नामावळी मुले घडाघडा म्हणतात. शाळेतली रागी म्हणजेच घरची नाचणी, आणि वजनास वजन धरले तर तिच्यात दुधाच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम असते, हे त्यांना कितीजण सांगतात? भाषेचा वाद सुटेल तेव्हा सुटो. या धान्याला तरी सीमा नाही. भाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अंगी लागते आणि जेवणालगतचा चहा ते अडवतो, हेही सांगायला हवे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील 67 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. तीच मुले आता शाळेत येत आहेत.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणारी आई मुलाच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवते, आणि ते शाळेबाहेरच्या रंगीत पाकिटात जातात. दोष तिचा नव्हे. शाळेच्या आवारात व भोवतालच्या 50 मीटरांत अतिमेद, अतिमीठ, अतिसाखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 सालीच झाला आहे. तो कागदावरून फाटकापर्यंत आणणे हे अधिकाऱ्यांचे व शाळा-समित्यांचे काम होय.

शिक्षकांचे काम याहून सोपे आहे. भोजनाच्या पंक्तीतच आठवड्यातून एकदा, ताटातील पदार्थ हातात घेऊन, पाठ द्यावा. भाकरी, उसळ आणि पालेभाजी हे गरिबीचे लक्षण नसून शहाणपणाचे आहे, एवढे जरी मुलांच्या मनात ठसले, तरी सरकारी खर्चाचे चीज होईल.