उडालं तर उडालं, उतरवणार कोण?

22 नोव्हेंबर 2018. थँक्सगिव्हिंगचा सण. सारी अमेरिका जेवणावर आडवा हात मारत होती. त्याच दिवशी युटा राज्यातल्या जेन्सन गावात 14 आणि 15 वर्षांची दोन पोरं ट्रॅक्टरवर बसून निघाली, एका खासगी धावपट्टीवर पोहोचली आणि तिथलं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन चक्क उडाली. हायवेच्या डोक्यावरून बऱ्यापैकी खालून घिरट्या मारून ती शेजारच्या व्हर्नल विमानतळावर उतरली. कुणाला खरचटलंही नाही. पुढचा मुक्काम पोलिसांकडे.

बाबांची गाडी गुपचूप पळवणारी पोरं गल्लोगल्ली सापडतात. विमान पळवणारी मात्र जगात मोजकीच, आणि त्यांच्या करामती वाचताना एक गोष्ट सारखी नजरेत भरते. वर जाणं बहुतेकांना जमतं, घोडं अडतं ते खाली येताना.

किल्ली लावा, निघा

जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं विमान म्हणजे सेस्ना 172. पहिलं उड्डाण 1955 मध्ये, आणि आजवर 44,000 हून अधिक विमानं कारखान्यातून बाहेर पडली. चार आसनं, नाकावर एक पंखा, आणि डॅशबोर्डवर स्कूटरसारखी फिरवायची किल्ली. फरक इतकाच, की या किल्लीला चालू-बंदच्या मधे आणखी खाचा असतात: उजवा मॅग्नेटो, डावा मॅग्नेटो, दोन्ही. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर इंजिन चालावं म्हणून दोन. एकेका सिलिंडरला स्पार्क प्लगही दोन-दोन. टाकीतलं पेट्रोल चक्क निळं असतं. भलतंच इंधन भरलं गेलं तर रंगावरून ओळखू यावं, म्हणून हा रंग मुद्दाम घातलेला.

स्टिअरिंग हातात, वळण पायात

नवख्याची पहिली फजिती आकाशात होतच नाही, पार्किंगमधून बाहेर पडतानाच होते. समोरचं चाक दिसतं गाडीच्या स्टिअरिंगसारखं, पण जमिनीवर ते कितीही गरगर फिरवलं तरी विमान ढिम्म वळत नाही. तिथे वळवायचं पायांनी, रडरच्या पेडलांवर. ब्रेकही त्याच पेडलांच्या वरच्या टोकाला, तेही डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे.

एकदा सरळ रेषेत आलात की पुढचं सोपं. थ्रॉटल पूर्ण आत ढकलायचं, विमान डावीकडे ओढ घेतं म्हणून उजवा पाय दाबून ठेवायचा, आणि काटा साधारण 55 नॉटवर, म्हणजे ताशी 100 किलोमीटरच्या आसपास आला की चाक हलकेच मागे ओढायचं. या वेगाला वर जाण्यासाठीच ते विमान घडवलेलं आहे. पोरांना वाटतं आपण उडवलं. प्रत्यक्षात निम्मं काम विमानानेच केलेलं असतं.

शेवटचे चार-पाच फूट

उतरताना हिशेब उलटा होतो. साधारण 65 नॉटच्या वेगाने खाली येत, धावपट्टी अगदी पायाखाली आली की नाक किंचित वर उचलायचं आणि विमानाला अलगद बसू द्यायचं. नाक लवकर उचललं तर विमान हवेतच दमतं आणि धपकन आदळतं. उशीर झाला तर पुढचं चाक आधी टेकतं आणि विमान बेडकासारखं उड्या मारू लागतं. हे 'केव्हा' पुस्तकात सापडत नाही. ते डोळ्यांना आणि पार्श्वभागालाच कळावं लागतं, आणि त्यासाठी शेजारी प्रशिक्षक बसवून पुन्हा पुन्हा उतरावं लागतं.

पाच विमानं, शून्य तास

या जमातीचा महाराजा म्हणजे कोल्टन हॅरिस-मूर. वॉशिंग्टन राज्यातल्या कामानो बेटावरचा पोरगा. बंगल्यांत घुसून चोऱ्या करायचा, काही ठिकाणी अनवाणी, म्हणून नाव पडलं 'बेअरफूट बँडिट'. एकही तास शिकवणी न घेता, मॅन्युअलं वाचून आणि कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवून त्याने 12 नोव्हेंबर 2008 रोजी ऑर्कस बेटावरून एका रेडिओ निवेदकाचं सेस्ना 182 पळवलं. वय 17. मधे कॅस्केड पर्वतरांग, तिथला सोसाट्याचा वारा, आणि शेवटी याकामा आदिवासींच्या राखीव प्रदेशात विमान आपटलं. कॉकपिटमध्ये तपास करणाऱ्यांना ओकारीच्या खुणा मिळाल्या. हौस फिटली म्हणावी, तर पुढच्या दोनेक वर्षांत त्याने आणखी चार विमानं लांबवली.

फेब्रुवारी 2010 मध्ये ऑर्कसच्या एका किराणा दुकानात चोरी झाली. मालक सकाळी येऊन बघतो तर जमिनीवर खडूने काढलेली 39 पावलं, दरवाजापर्यंत. फेसबुकवर त्याचे चाहते हजारोंनी वाढत होते आणि शेरीफ दात-ओठ खात होता.

शेवटचा पराक्रम 4 जुलै 2010 चा. इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनहून नवंकोरं सेस्ना 400 उचललं आणि 1,600 किलोमीटरहून जास्त अंतर कापून थेट बहामाज गाठलं. उतरला कुठे? ग्रेट अबाको बेटाजवळच्या उथळ पाण्यात. आठवड्याभरात हार्बर आयलंडला पोलिसांनी त्याच्या बोटीचं इंजिन गोळ्या घालून बंद पाडलं आणि 19 वर्षांचा हा वीर सापडला. बहामाजने बेकायदा प्रवेशाबद्दल दंड केला 300 डॉलर. अमेरिकेने मात्र 7 वर्षांहून जास्त तुरुंगवास सुनावला. त्याच्या कथेचे सिनेमाचे हक्क एका हॉलिवूड स्टुडिओने घेतले, पण ते पैसे त्याच्या खिशात पडले नाहीत. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या भरपाईसाठी ते वळवले गेले.

वैमानिकांत एक जुना विनोद आहे. ज्यातून चालत बाहेर पडता आलं ते चांगलं लँडिंग, आणि ज्यानंतर विमान पुन्हा वापरता आलं ते उत्तम लँडिंग. कोल्टन पहिल्या पेपरात दर वेळी पास झाला. दुसऱ्या पेपरात त्याने भरपूर मालकांना रडवलं.

न उडालेली उड्डाणं

• चीनच्या हूजौ शहरात जून 2019 मध्ये 13 वर्षांचा एक मुलगा मध्यरात्री हँगरमध्ये शिरला. कर्मचारी विमान कसं चालू करतात हे त्याने नुसतं बघून ठेवलं होतं. एक सी-प्लेन बाहेर काढलं, ते कठड्याला धडकलं. मग काय करावं? त्याने दुसरं काढलं! दोन्ही जमिनीवरच फिरली. प्रकरण 2,000 युआनच्या भरपाईवर मिटलं.

• 4 जुलै 2018 च्या पहाटे टेक्सास-आर्कान्सॉ सीमेवरच्या टेक्सार्काना विमानतळावर 18 वर्षांचा तरुण कुंपण ओलांडून प्रवासी जेटच्या कॉकपिटमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या राज्यात गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं होतं. चार बटणं दाबायची, दोन दांडे ओढायचे, त्यात काय एवढं, अशी त्याची समजूत असल्याचं पोलिसांनी सांगितलं.

• डिसेंबर 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो विमानतळावर 17 वर्षांची मुलगी दोन इंजिनांच्या किंग एअर विमानात शिरली. इंजिन सुरू झालं, पण एकच. मग विमान सरळ कसं जाईल? ते गिरकी घेऊन कुंपणात घुसलं. पोलीस पोहोचले तेव्हा बाई वैमानिकाच्या जागेवर, कानाला हेडसेट लावून बसलेल्या.

हे बहुतेक अमेरिकेतच का?

कारण तिथे सर्वांसाठी खुले असे सुमारे 5,000 विमानतळ आहेत आणि त्यांतल्या जेमतेम 500 ठिकाणी कंट्रोल टॉवर आहे. उरलेल्या ठिकाणी वैमानिक रेडिओवर आपापसांत बोलून येतात-जातात. उघड्यावर बांधून ठेवलेली खासगी विमानं, साधं तारेचं कुंपण, रात्री शुकशुकाट. आपल्याकडे मुळात खासगी विमानंच त्या मानाने फार थोडी, आणि बहुतेक विमानतळांच्या फाटकावर बंदूकधारी पहारा.

उतरायचं तर असं!

माथियास रुस्ट हा पश्चिम जर्मनीचा 18 वर्षांचा मुलगा अडाणी नव्हता. त्याच्याकडे परवाना आणि सुमारे 50 तासांचा अनुभव होता. 28 मे 1987 रोजी तो हेलसिंकीहून भाड्याच्या सेस्ना 172 मधून निघाला आणि सोव्हिएत हद्दीत घुसला. एक लढाऊ विमान त्याला जवळून न्याहाळून गेलं. संध्याकाळी त्याने मॉस्कोत, रेड स्क्वेअरला लागून असलेल्या पुलावर विमान टेकवलं आणि सेंट बेसिल चर्चपाशी नेऊन उभं केलं. तो दिवस नेमका सोव्हिएत सीमारक्षकांचा सण! गोर्बाचेव्हनी संरक्षणमंत्री आणि हवाई संरक्षण दलाचा प्रमुख दोघांनाही घरी बसवलं. रुस्टला 4 वर्षांची शिक्षा झाली, पण ऑगस्ट 1988 मध्ये तो सुटला. ते विमान आता बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात टांगलंय.

न्यूयॉर्कचा थॉमस फिट्झपॅट्रिक तर विशी ओलांडलेला, पण त्याच्याशिवाय ही यादी अपुरी. 1956 मध्ये मध्यरात्रीनंतर, पोटात दारू असताना, न्यू जर्सीतून विमान उचलून त्याने मॅनहॅटनच्या अरुंद रस्त्यावर, बारच्या दारात उतरवलं. पैज होती. विमानाच्या मालकाने तक्रार केली नाही, दंड झाला 100 डॉलर. 1958 मध्ये बारमधल्या एकाला ही गोष्ट खरी वाटेना. पठ्ठ्याने पुन्हा विमान आणलं! या वेळी मात्र 6 महिने आत.

हसू थांबतं ते इथे

23 मार्च 1994. मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेलं एअरोफ्लोटचं एअरबस 310. कॅप्टनने आपल्या 15 वर्षांच्या मुलाला वैमानिकाच्या सीटवर बसवलं. ऑटोपायलट चालू होता. मुलाने चाक काही क्षण जोर लावून धरलं आणि ऑटोपायलटने पंख तोलण्याचं काम गुपचूप सोडून दिलं. विमान एका अंगावर कलत गेलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. 75 जण गेले.

सतराव्या वर्षातला खरा हिरो

1930 मध्ये आगाखानांनी इंग्लंड-भारत प्रवास एकट्याने विमानाने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. शर्यतीत होते भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे 25 वर्षांचे जेआरडी टाटा, आणि 17 वर्षांचा अॅस्पी इंजिनिअर. अॅस्पी लंडनहून निघाला, जेआरडी कराचीहून. इजिप्तमध्ये अबूकिरला दोघांची गाठ पडली. अॅस्पी स्पार्क प्लगपायी अडकून पडला होता. जेआरडींनी आपले जादा प्लग देऊन टाकले. बक्षीस अॅस्पीने जिंकलं! पुढे तोच पोरगा 1960 ते 1964 भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

सोळाव्या वर्षी सरळ मार्गाने

घरातल्या कार्ट्याला खाज असेलच, तर हे कात्रण फ्रिजवर लावा. भारतात 16 पूर्ण, दहावी पास आणि वैद्यकीय तपासणीत बसलात तर विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळतो. 17 व्या वर्षी 40 तासांवर खासगी परवाना, 18 व्या वर्षी 200 तासांवर व्यावसायिक. महाराष्ट्रात धुळ्याला आणि गोंदियाला हे शिक्षण मिळतं. सुरुवातीचे कित्येक तास एकच काम: उडा, चक्कर मारा, उतरा, पुन्हा उडा. उतरणं पक्कं झालं की एक दिवस प्रशिक्षक दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, जा, एकटा जाऊन ये. परत आल्यावर अमेरिकेत शर्टाची मागची बाजू कापून भिंतीवर लावतात. शर्टाला भोक पडलं तरी मिरवता येतं. पोलिसांनी काढलेला फोटो कोण मिरवणार?