रुंद रस्ते, अरुंद खोल्या

मुंबईत माटुंग्याच्या पाच बागांभोवती प्रशस्त रस्ते आहेत व त्यांवर वृक्षांची दाट छाया पसरलेली असते. तेथून थोड्याच अंतरावर नायगावच्या चाळी आहेत. परस्परांच्या इतक्या निकट असलेल्या या दोन वस्त्यांत एवढे अंतर का पडावे?

इ. स. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि हजारो लोक शहर सोडून गेले. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे त्या वेळी सर्वमान्य झाले नव्हते; कोंदट हवा हेच त्याचे मूळ समजले जाई. म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन करण्यात आली. समुद्रावरील वारा दाट वस्तीत खेळावा, या हेतूने ट्रस्टने जुनी घरे पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद मार्ग काढले. वारा आला खरा. परंतु ज्यांची घरे पडली ते कोठे गेले? पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे फार थोडी बांधली गेली होती. गिरणी किंवा गोदी सोडून दूर राहणे मजुरांना परवडणारे नव्हते. साहजिकच ते शेजारच्या गल्ल्यांत शिरले आणि तेथील दाटी अधिकच वाढली. दादर-माटुंग्याकडे मात्र ट्रस्टने मोकळ्या जमिनीवर आखीव भूखंड पाडले. ते ज्यांना घेता आले, त्यांस बागा व वारा दोन्ही लाभले.

पुढे १९२० मध्ये सरकारने विकास खाते काढले आणि कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे योजिले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या आणि शौचकूप सामाईक! या खोल्यांचे भाडे कामगारांस जड वाटे. त्यामुळे घरांची एवढी टंचाई असतानाही कित्येक खोल्या प्रारंभी रिकाम्याच राहिल्या. नंतर मात्र त्या इतक्या भरल्या, की रात्री घरातील पुरुषमंडळी सामाईक मार्गिकेत अंथरूण टाकीत.

अलीकडे या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती बांधण्याचे काम सुरू झाले असून, प्रत्येक कुटुंबास ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे ठरले आहे. वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५ साली घराच्या किल्ल्या मिळाल्या.