आवाजाची पातळी आणि ऐकणाराचा कान

कोल्हापुराहून महामार्गानें पुण्याच्या दिशेनें निघालें, कीं पंचगंगा ओलांडतांच पुलाची शिरोली लागते. आज हें गांव ओळखलें जातें तें तेथील औद्योगिक वसाहतीमुळें आणि लोखंडी ओतकामाच्या फौंड्र्यांमुळें. आमच्या शेजारच्या तात्यांचें आयुष्य अशाच एका फौंड्रीच्या फेटलिंग खात्यांत गेलें. सांच्यांतून निघालेल्या जिनसांच्या कडा ग्राइंडरवर घांसून साफ करावयाच्या, हें तें काम. असल्या कर्कश आवाजानें कान मंदावतो, आणि तोहि प्रथम वरच्या, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासच्या स्वरांना.

तात्यांना गाण्याचा नाद. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचीं जुनीं मुद्रणें नातवानें त्यांच्या संगणकावर भरून दिलीं. शेजारीं स्वतःच्या आवडीचीं नवीं चित्रपटगीतेंहि ठेवलीं. केसरबाईंचा स्वर क्षीण येतो म्हणून तात्या आवाज पुरता वाढवितात. तोंच पुढचें गीत असें अंगावर येतें कीं, सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतून धांवत यावें! हंसूं येतें खरें. परंतु असे दणके रोजचे झाले म्हणजे उरलेली श्रवणशक्तीहि झिजते.

असें कां व्हावें? ध्वनिमुद्रणांत आवाजाला एक कमाल मर्यादा असते, आणि दोन्ही गाण्यांचीं शिखरें तिला सारखींच टेंकलेलीं असूं शकतात. फरक असतो तो सरासरींत. जुन्या गाण्यांत शिखर क्वचित् येतें. नव्या गीतांत शिखरें दाबून बाकीचा सारा भाग वर उचललेला असतो. १९९० नंतर, सीडीच्या काळांत, आपलें गीत दुसऱ्याहून मोठें वाजावें अशी चढाओढच लागली होती. आणि कान तर बहुतांशीं सरासरीवरूनच लहानमोठेपणा ठरवितो.

डेव्हिड रॉबिन्सन यांनीं २००१ मध्यें यावर ‘रिप्लेगेन’ ही पद्धति सुचविली. प्लेअर प्रत्येक गीत आधीं तपासतो, कानाला तें किती मोठें वाटेल हें अजमावतो, आणि ‘उणे आठ डेसिबेल’ असा एखादा आंकडा फाइलींत टांचून ठेवतो. मूळ ध्वनीला धक्का लागत नाहीं. वाजवितांना तेवढा आवाज उतरतो, इतकेंच. उणे सहा म्हणजे ध्वनितरंगाची उंची निम्मी; कानाला निम्मा वाटावयास मात्र सुमारें दहा डेसिबेल उतरावे लागतात.

फूबार२००० सारख्या प्लेअरमध्यें ‘ट्रॅक’ कीं ‘अल्बम’ असें विचारलें जातें, आणि पुष्कळजण येथेंच चुकतात. मिश्र गाण्यांसाठीं ‘ट्रॅक’ ठीक. प्रत्येक गीत आपापल्या आंकड्यानें वाजतें. परंतु एखाद्या रागाची मैफल तुकडे करून ठेवलेली असेल, तर ‘ट्रॅक’मुळें संथ आलाप आणि द्रुत ताना एकाच पातळीवर येतात, गवयानें तासभर चढवीत नेलेला जोर आपण एका खुणेनें पुसून टाकतों. ‘अल्बम’ निवडल्यास साऱ्या तुकड्यांना मिळून एकच आंकडा लागतो आणि तो चढ जसाच्या तसा राहतो.

याहून वाईट म्हणजे क्षणाक्षणाला आवाज वरखालीं करणारी सोय. कांहीं प्लेअरमध्यें ती ‘नॉर्मलायझर’ नांवानें असते. बातम्यांना ती चालेल. आलापांत मात्र गायक थांबला कीं तंबोराच उसळून वर येतो! माझ्या मतें ती शास्त्रीय गायनापासून दूरच ठेवावी.

‘प्रीअँप’ची सरकपट्टी शून्यावर असूं द्यावी. ती वर नेल्यास शिखरें कमाल मर्यादेवर आपटून कापलीं जातात व स्वर फाटतो. त्यासाठीं शिखर सांभाळण्याची खूणहि करून ठेवावी. जुन्या तबकडीचा आवाज फार उचलला तर तिची खरखरहि तितकीच उचलली जाते. म्हणून मोठ्यांना खालीं आणणें बरें. रिप्लेगेनची पातळी मुळांत बेताची आहे ती याच सोयीसाठीं.

तात्यांच्या संगणकावर आम्ही मिश्र यादीला ‘ट्रॅक’ आणि मैफलींना ‘अल्बम’ लावून दिलें, आणि शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येईल इतकाच आवाज ठेवला. आठवड्याला चाळीस तास ऐकणाऱ्यानें ऐंशी डेसिबेलची मर्यादा पाळावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तात्यांची तक्रार एकच उरली: तानांतले बारीक कण अजून नीट कळत नाहींत. त्याला प्लेअर काय करणार? पुढच्या आठवड्यांत ते कानाच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत.