मागच्या सीटला विचारून घ्यायची मोटारसायकल

मोटारसायकल घ्यायला शोरूममध्ये बहुतेक वेळा दोघे येतात. चावी एकाच्या हातात जाते, तो एकटाच आसपासच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारून येतो आणि व्यवहार ठरतो. दुसरी व्यक्ती, म्हणजे पत्नी, आई किंवा धाकटा भाऊ, तोवर खुर्चीवर बसून वाट पाहते. पुढची कित्येक वर्षे उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि सुट्टीत पार धुळ्या-नाशिकपर्यंतचा रस्ता मात्र तिलाही त्याच गाडीवर कापायचा असतो. अॅव्हरेज किती, पिकअप कसा, सर्व्हिसिंगला खर्च किती, हे सगळे विचारून होते. मागे बसणाऱ्याचे गुडघे किती दुमडतात, हाताने धरायचे कशाला आणि पाय टेकतात कुठे, हे विचारायचे राहून जाते.

इंदूरकरांना मागच्या सीटची परीक्षा घ्यायला दूर जावे लागत नाही. सांवेर रोड त्यासाठी पुरेसा आहे. बाणगंगेच्या पुढे औद्योगिक वसाहत लागते. तिथे मालाच्या ट्रकांमागून थांबत-निघत जावे लागते. लवकुश चौराहा, अरविंदो हॉस्पिटल आणि धरमपुरी मागे टाकली की वेग धरता येतो. पुढे सांवेर, मग पंथपिपलई आणि साधारण ५५ किलोमीटरवर उज्जैन. २०२८च्या सिंहस्थासाठी हा रस्ता सहापदरी करण्याचे काम हाती घेतलेले आहे. बांधकामाच्या काळात रस्त्यावर जे जे वाट्याला येते, ते सगळे या एका प्रवासात भेटते: गुळगुळीत पट्टा, वळवलेली वाट, खडी, आडवे आलेले उंचवटे आणि शेजारून जाणारी बस.

सांवेरचे उलट्या हनुमानाचे मंदिर या परीक्षेत फार सोयीच्या ठिकाणी आहे. इंदूरपासून तिथपर्यंत साधारण ३० किलोमीटर होतात. पहिली पंधरा मिनिटे कुठलीही सीट आरामशीर वाटते. फोम दबायला, मांड्या भरून यायला आणि माकडहाड बोलू लागायला अर्धा-पाऊण तास लागतो. सांवेरला उतरल्यावर मागची व्यक्ती पहिली चार पावले कशी टाकते, ते नीट पाहावे. ती कंबर धरून उभी राहिली, तर त्या गाडीचे माहितीपत्रक पुढे वाचण्यात अर्थ नाही. शोरूमची टेस्ट राइड एवढी लांबची मिळत नसेल, तर तीच गाडी असलेल्या नातेवाइकाकडून किंवा मित्राकडून अर्ध्या दिवसासाठी मागून घ्यावी, नाहीतर भाड्याने घ्यावी. लाखाच्या वर रक्कम मोजायची असताना एवढी खटपट करायलाच हवी.

मागच्या सीटवरच जास्त त्रास का होतो, याचे उत्तर गाडीच्या रचनेत आहे. चालवणारा दोन चाकांच्या मधल्या भागात बसतो. मागचा माणूस जवळजवळ थेट मागच्या आसाच्या वर. मागचे चाक खड्ड्यात आपटले की तो दणका सर्वांत आधी त्याच्याच मणक्यात शिरतो. शिवाय चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. तो हँडल घट्ट धरतो, पायांवर थोडा भार घेतो, क्षणभर उचलला जातो. मागच्याला समोर फक्त पाठ दिसते. दणका बसतो तेव्हा त्याचे शरीर सैल असते आणि ब्रेक लागतो तेव्हा तो पुढे घसरतो.

म्हणून सीट हाताने दाबून पाहून काहीच कळत नाही. बोटाला मऊ लागणारा फोम तासाभरात चपटा होतो आणि खालचा कडक तळ टोचू लागतो. किंचित घट्ट, रुंद आणि सपाट सीट लांबच्या प्रवासात जास्त टिकते. यामाहा आर१५सारख्या गाडीची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती असते. फुटरेस्टही वर असतात. कॉलेजच्या फाटकापर्यंत ते चालते, उज्जैनपर्यंत नाही. मागे बसल्यावर गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा लहान होत असेल, तर ती गाडी दोघांच्या लांबच्या प्रवासासाठी नाही, एवढे बिनदिक्कत समजावे.

या विषयात इंदूरला मोटारसायकलची माहिती बाहेरून आणावी लागत नाही, कारण जवळच्या पीथमपूरमध्येच गाड्या बनतात. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर केलेल्या भागीदारीतून १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली ती इथल्याच कारखान्यातून. गिअर नाही, बटण दाबले की सुरू, आणि मागे ऐसपैस सीट. मराठी घरांतल्या कितीतरी जणी त्या स्कूटरवर पहिल्यांदा स्वतः गाडी चालवायला शिकल्या. २००८मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला, आणि नोव्हेंबर २०१८मध्ये महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजंड्सने जावा पुन्हा बाजारात आणली तीही पीथमपूरमध्ये बनवूनच. याच जावाच्या घरात मागच्या सीटबद्दलचे दोन्ही विचार दिसतात. पेराक आणि ४२ बॉबर या दिसायला देखण्या गाड्या, पण एकट्यासाठी बनवलेल्या. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या ३३४ सीसीच्या जावा ३५०ला मात्र लांब, सलग सीट आहे आणि ती दोघांना सामावून घेते. एक गोष्ट तिच्याबाबत तपासून घ्यावी: तिला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत. दोन्हीकडे बॅगा लटकवायच्या असतील किंवा मागची व्यक्ती एका बाजूला पाय सोडून बसत असेल, तर गरम नळीपासून कापड आणि पाऊल किती दूर राहते, ते गाडी उभी असतानाच पाहावे.

साडीचा प्रश्न तर कायद्यानेही दखल घेण्याइतका मोठा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधील नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागच्या व्यक्तीसाठी धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला फुटरेस्ट हवे आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण हवे. हे साडी गार्ड नियमाने आवश्यक असताना अनेकजण गाडी सडपातळ दिसावी म्हणून घरी आणताच ते काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात गुंतून होणारे अपघात फार भयंकर असतात. ते गार्ड काढू नये. लांबच्या प्रवासाला एका बाजूला बसणेही टाळावे. कंबर तासन् तास पिळलेली राहते आणि गाडीचा तोल एकीकडे झुकतो. पंजाबी ड्रेस किंवा पँट घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणे उत्तम.

आता ताकदीचे. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट लागतो आणि महाराष्ट्राकडे निघाले की सेंधव्याजवळ बिजासन घाट. दोघे आणि दोन बॅगा घेऊन स्प्लेंडरसारखी ९७ सीसीची गाडी हे घाट चढते, पण खालच्या गिअरमध्ये, ट्रकच्या धुरात, आणि ओव्हरटेक करायची शक्ती न उरता. अशा वेळी कमाल वेगापेक्षा टॉर्क महत्त्वाचा, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांत किती जोर लावते ते. स्प्लेंडरचा टॉर्क सुमारे ८ न्यूटन-मीटर. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० हिचा २७, तोही ४,००० फेऱ्यांना. होंडा हायनेस सीबी३५० हिचा ३०, आणि तो ३,००० फेऱ्यांनाच मिळतो. चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाही, तेव्हा मागच्याला बसणारे हिसकेही कमी होतात.

२०२०च्या नोव्हेंबरमध्ये मीटिओर ३५० आली तेव्हा रॉयल एनफील्डने या वर्गातल्या इंजिनात कंपन मारणारा बॅलन्सर शाफ्ट बसवला. जुन्या बुलेटवर तासाभराने तळपायांना येणाऱ्या मुंग्या ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. मीटिओरची सीट ७६५ मिलिमीटर उंच, क्लासिकची ८०५, हिमालयन ४५० हिची ८२५. बजाज अॅव्हेंजर २२० तर ७३७वरच थांबते. हे आकडे चालवणाऱ्याच्या सीटचे असले तरी मागच्याशी त्यांचा थेट संबंध आहे. साठीच्या आईला गाडीवर बसायचे तर आधी चालवणाऱ्याने बसून दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवून गाडी घट्ट धरावी लागते. मग ती डाव्या फुटरेस्टवर पाय देऊन, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उजवा पाय पलीकडे टाकते. त्याची टाच उचललेली असेल तर गाडी तिथेच डुलते. मागे बॅकरेस्ट असेल तर पाठीला मोठा आधार मिळतो, पण चढताना पाय त्याच्यावरून न्यावा लागतो. गुडघेदुखी असलेल्यांनी हे शोरूममध्येच करून पाहावे.

अॅव्हेंजरसारख्या क्रूझरवर पाय पुढे सोडून बसण्यात सुख आहे, पण रस्ता चांगला असेल तोवरच. पाय पुढे असल्याने दणक्याच्या वेळी त्यांवर भार घेता येत नाही आणि सगळे कंबरेवर येते. खराब रस्ते जास्त असतील, तर हिमालयनचे २०० मिलिमीटर खालीवर होणारे सस्पेन्शन मागच्याला जास्त जपते. मात्र उंची दोघांनाही झेपायला हवी. चाकणमध्ये बनणारी बजाज डॉमिनार ४०० ताकदीने यातल्या पुष्कळ गाड्यांच्या पुढे आहे, आणि २०२१पासून ती मागच्याला टेकायला आधार असलेल्या कॅरियरसह मिळू लागली. सतत महामार्गावर जाणाऱ्या जोडप्याने ती पाहावीच.

माहितीपत्रकांबद्दल एक तक्रार रास्त आहे. त्यांत मागच्या सीटची उंची, रुंदी किंवा सीट ते फुटरेस्ट हे अंतर क्वचितच छापलेले असते. ज्या देशात डबलसीट जाणे ही रोजची रीत आहे, तिथे ही तीन मापे पहिल्या पानावर असायला हवीत. तोवर घरून टेप घेऊन गेलेले बरे.

गाडी घेतल्यावरही काम उरते. मागच्या शॉकअपच्या तळाशी खाचा असलेली कडी असते. टूलकिटमधला वाकडा पाना तिच्यात अडकवून ती एक-दोन खाचा फिरवली की स्प्रिंग घट्ट होते आणि दोघांच्या वजनाने गाडी तळाला आपटत नाही. एकट्याने रोज ऑफिसला जाताना ती परत सैल करायची. मागच्या टायरची हवा दोघांसाठी वेगळी असते, क्लासिकला एकट्याला ३२ आणि दोघांना ३६. इतर गाड्यांचे आकडे मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर सापडतात. मागचा भाग दबला की हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, तोही खाली करून घ्यावा. जड सामान शेपटीवर रचू नये. दोन्ही बाजूंना खाली, निम्मे-निम्मे बांधावे. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय छापाचे. चार वर्षांखालच्या मुलासाठी २०२२च्या नियमांप्रमाणे हार्नेस आणि हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. लहानग्याला घेऊन लांबचा पल्ला गाठायचा असेल तर बस किंवा रेल्वे बरी.

इंदूरहून दक्षिणेकडे निघणाऱ्यांनी रस्ताही आधी पाहून ठेवावा. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, तेव्हा जुना आग्रा रोडच धरायचा. धुळ्यापर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर पहाटे निघून, खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडल्यावर, मग सेंधव्याला आणि शिरपूरला थांबत सहज होतात. थांबा कुठे घ्यायचा, हे मागच्या व्यक्तीने ठरवावे आणि खांद्यावर तिची थाप पडली की पुढच्याने पुढच्या ढाब्याची वाट न पाहता गाडी बाजूला घ्यावी.