महानगरातील जीवन व मानसिक स्वास्थ्य

महानगरातील गर्दी, गोंगाट, लांबचा प्रवास आणि विरळ होत गेलेला शेजार यांचा रहिवाशांच्या मनावर होणारा परिणाम हा समाजशास्त्र व मनोविकारशास्त्र या दोन्हींच्या अभ्यासाचा विषय आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मधील निबंधात त्याची पायाभूत मांडणी केली. अखंड आदळणाऱ्या संवेदनांपासून बचाव म्हणून शहरी माणूस अलिप्त होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच अलिप्ततेमुळे गावात दुर्मीळ असलेले व्यक्तिस्वातंत्र्य त्याला लाभते, हा त्यांच्या विवेचनाचा उत्तरार्ध मात्र बहुधा दुर्लक्षिला जातो.

फॅरिस व डनहॅम यांना १९३९ च्या अभ्यासात शिकागोच्या मध्यवर्ती दाट वस्त्यांत छिन्नमनस्कतेचे रुग्ण अधिक आढळले. शहरामुळे आजार जडतो, की आजारी माणूस स्वस्त खोल्यांच्या वस्तीकडे ढकलला जातो, हा वाद तेव्हापासूनचा आहे. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार असल्याचे दिसले. महानगरांत हे प्रमाण अधिक होते. सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे मुंबई परिसराला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पनवेलचे उदाहरण

१८५२ मध्ये नगरपालिका मिळालेले पनवेल १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. तळ्याकाठचे जुने गाव आणि सिडकोने वसवलेली खारघर, कामोठे, कळंबोली ही उपनगरे आता एकाच महापालिकेत आहेत. राहणी मात्र वेगवेगळी. लोकलने पनवेलहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाण्यास सुमारे ८० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन पावणेतीन तास, शिवाय स्थानकापर्यंतची पायपीट किंवा रिक्षा. हा वेळ झोपेतून व मुलांच्या वाट्यातून वजा होतो. तरीही नेहमीच्या डब्यातील भजनमंडळ, महिलांच्या डब्यातील हळदीकुंकू आणि चौथ्या सीटसाठी सरकून दिलेली जागा यांतून गर्दीतच एक शेजार तयार होतो.

या शेजाराला मुकतात ते दिवसभर घरी असणारे; विशेषतः मुलांच्या आग्रहावरून गावचे घर बंद करून सेक्टरमधील सदनिकेत आलेले वृद्ध. त्यांच्यासाठी अंगण, पार आणि देऊळ एकाच वेळी सुटलेले असते. अनिद्रा, भूक मंदावणे, बोलणे कमी होणे ही लक्षणे घरात अनेकदा ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिली जातात, परंतु ती नैराश्याचीही असू शकतात आणि नैराश्यावर उतारवयातही उपचार होतात.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तीवर मराठीतही बोलता येते.