महाविद्यालयाचे कुंपण आणि गावाची विहीर
सिंदी मेघे येथील भूमीच्या संदर्भात

सेगाव, म्हणजे पुढील सेवाग्राम, येथे १९३६ मध्ये राहावयास जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत होता. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या ह्या बागेत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे होते. संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मधील, जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी आणि शिकत शिकवीत काम करणारी ही वसाहत आजच्या परिभाषेत एक निवासी शिक्षणसंकुलच होती. तेथील मंडळींनी १९३५ मध्ये लगतच्या सिंदी ह्या खेड्यात जाऊन वाटेवरचा मैला उचलण्याचे काम अंगावर घेतले. मीराबेन ह्या कामात पुढे होत्या आणि काही काळ त्या सिंदीत राहिल्याही. बादल्या व फावडी घेऊन येणाऱ्या ह्या सुशिक्षितांमुळे गावाच्या सवयी फारशा पालटल्या नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. ह्या प्रयोगाच्या नैतिक अंगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यामागील आरोग्यशास्त्रीय गृहीताकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ते गृहीत असे की, वसाहतीचे आरोग्य तिच्या कुंपणापाशी संपत नाही.

आज सिंदी मेघे हे वर्धा शहराला जवळजवळ जोडले गेले असून त्याच्या परिसरात महाविद्यालये व वसतिगृहे उभी राहिली आहेत. १९३५ मध्ये खेड्यातील घाण संकुलाच्या दाराशी येण्याचे भय होते. आता प्रश्न उलट बाजूने विचारावयास हवा : संकुलातील सांडपाणी गावाच्या पाण्यात जाते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी जमिनीवर अवलंबून आहे. गांधीजींना मैल्याच्या विल्हेवाटीची जी रीत पसंत होती, ती इंग्रज वैद्य पुअर यांच्या लेखनावर आधारलेली होती. उथळ चर खणावा, त्याची खोली नऊ ते बारा इंचांहून अधिक नसावी आणि मैला मातीने झाकावा, असे त्या पद्धतीचे सार आहे. मातीच्या वरच्या थरातच हवा असते, सूक्ष्म जीव तेथेच विपुल असतात. म्हणून मैल्याचे सोनखत तेथेच होते. तो खोल पुरला, तर कुजण्याऐवजी सडतो आणि भूजलाच्या अधिक निकट जातो. उथळ चराची ही युक्ती विरळ वस्तीला व मोकळ्या शेताला शोभणारी आहे. शेकडो विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला ती पुरी पडणार नाही, हे उघड आहे. पण तिच्यातील तत्त्व जुने झालेले नाही. आजचे शोषखड्डे नेमके त्याच तत्त्वाविरुद्ध खोल जातात.

वर्धा जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर पसरला आहे. वर काळी कापसाची जमीन, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला कठीण दगड, अशी रचना जागोजागी आढळते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगून त्या भेगा मिटवून टाकते. ओली झाली की तिच्यातून पाणी फार मंद गतीने मुरते. म्हणजे खड्डा काळ्या थरातच राहिला, तर पावसाळ्यात तुंबतो. आणि तो थर भेदून मुरुमात वा दगडात उतरला, तर सांडपाणी न गाळता भेगांच्या वाटेने चालू लागते. वाळूमातीच्या थरातून हळूहळू झिरपताना जिवाणू अडकतात व मरतात. दगडाच्या भेगेत अशी गाळणी नसते. विहिरीपासून पंधरा मीटर अंतर ठेवण्याचा पाठ्यपुस्तकी नियम मऊ मातीसाठी ठीक आहे. भेगाळ पाषाणात तो पुरेसा ठरेलच असे नाही.

पाचशे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा साधा हिशेब पाहावा. माणशी प्रतिदिनी १३५ लिटर पाणी, हे भारतीय मानकातील प्रमाण धरले, तर ६७,५०० लिटर होतात. त्यांपैकी चार पंचमांश सांडपाणी मानले, तर रोज ५४,००० लिटर बाहेर पडते. जमिनीचा एक चौरस मीटर रोज वीस लिटर शोषील असे उदारपणे गृहीत धरले, तरी २,७०० चौरस मीटर शोषक पृष्ठभाग लागेल. इमारतीमागे खणलेल्या दोन-चार खड्ड्यांतून हे साधणे शक्य नाही. असे खड्डे ‘चालतात’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा पाणी नजरेआड होते इतकाच त्याचा अर्थ असतो.

सेप्टिक टाकीत घन मैला खाली बसतो व अंशतः कुजतो. बाहेर येणारे पाणी मात्र निर्जंतुक नसते. त्यातील अमोनिया जमिनीत नायट्रेटमध्ये रूपांतरित होतो, आणि नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मर्यादा आहे. वरचे दूध पिणाऱ्या काही महिन्यांच्या अर्भकांना त्याची बाधा विशेष होते : रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बालक निळसर पडते. विहिरीचे पाणी व ही व्याधी यांचा संबंध अमेरिकेतील आयोवा येथील वैद्य कॉमली यांनी १९४५ मध्ये दाखवून दिला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.

खरी विषमता येथेच आहे. महाविद्यालयात आरओ यंत्र असते आणि ते नायट्रेटही बऱ्याच अंशी काढून टाकते. संकुलात अर्भके क्वचितच असतात. ती असतात कुंपणापलीकडच्या घरांत, जेथे हातपंपाचे किंवा विहिरीचे पाणी थेट भांड्यात पडते. संकुलाचा नळ शुद्ध असल्याचा दाखला त्यामुळे फारसे काही सिद्ध करीत नाही. नायट्रेट केवळ वसतिगृहातूनच येतो असेही नव्हे. शेतातील युरिया, गोठे, उकिरडे व गावातील संडास ही सारी त्याची उगमस्थाने होत. म्हणून एका विहिरीचा एक आकडा पुढे करून कोणास दोषी ठरविता येणार नाही. प्रवाहाच्या वरच्या व खालच्या अंगाच्या विहिरींची तुलना करावी लागेल, आणि नायट्रेटबरोबर क्लोराइड व मैल्यातील जिवाणू यांचीही तपासणी करावी लागेल.

प्रयोगशाळांचा विषय येथे ओघानेच येतो. मोरीत ओतलेली आम्ले आणि जंतुनाशके सेप्टिक टाकीत गेली, तर तेथील उपयुक्त जिवाणू मरतात आणि मैला अर्धवट अवस्थेतच पुढे सरकतो. प्रयोगशाळेची मोरी वेगळी असावी, आम्लजल चुन्याने उदासीन करावे व जड धातूंचे द्राव मोरीत मुळीच जाऊ देऊ नयेत.

टाकी साफ करण्याची वेळ मात्र सर्वांत घातक असते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. हा वायू हवेहून जड असून त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बधिर होते. म्हणजे दुर्गंधी थांबली की धोका टळला, हा समज प्राणघातक आहे. पहिला माणूस कोसळताच त्याला वाचविण्यास दुसरा उतरतो आणि तोही जातो, असे अनेकदा घडले आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. मालक संस्था असो वा ठेकेदार, कामगाराला ‘थोडेसेच आत जा’ असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. शोषक यंत्राची गाडी मागविणे हाच मार्ग आहे, आणि ती टाकीपर्यंत पोहोचेल एवढा रस्ता इमारतीच्या नकाशातच राखून ठेवावयास हवा.

विहिरींच्या तपासणीचे पहिले पाऊल महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रसायन शोषलेली कागदाची पट्टी बाटलीत ठेवून पाण्याचा नमुना भरतात. दूषित पाण्यात ती काळी पडते. वर्ध्याच्या उबदार हवेत वर्षाचे बरेच महिने त्यासाठी उबवणी यंत्रही लागू नये. ही चाचणी सूचक आहे, निर्णायक नव्हे. काळे पडलेले नमुने आणि नायट्रेटच्या मापनासाठीचे सर्व नमुने मान्यताप्राप्त जलप्रयोगशाळेकडे द्यावे लागतील. मे महिन्याच्या अखेरीस एकदा, ऐन पावसाळ्यात ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, अशा तीन फेऱ्या केल्यास ऋतूचा परिणाम दिसू शकेल. नमुन्यांची जागा निवडताना संकुलाच्या आतील एक कूपनलिका, चढाच्या अंगाची एक विहीर आणि उताराच्या अंगाच्या निदान तीन विहिरी वा हातपंप घ्यावेत. आकडे संस्थेच्या दप्तरात पडून राहू नयेत. ज्या घरांची विहीर असेल त्यांना ते आधी कळवावेत व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ४५ चा आकडा ओलांडलेल्या विहिरीचे पाणी अर्भकांस देऊ नये, ही सूचना दुसऱ्या फेरीची वाट न पाहता त्याच दिवशी दिली पाहिजे.