शॉक देताना भूल का देतात?

दोन महिन्यांपूर्वी जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांच्या धाकट्या भावाला तीव्र नैराश्य होते. त्याने जेवण सोडले होते, 'मला जगायचे नाही' हेच पालुपद. मानसोपचारतज्ज्ञांनी शॉक उपचार सुचवला होता. "डॉक्टरसाहेब, सिनेमात दाखवतात तसं बांधून करंट देणार का हो?" विचारताना त्यांचा आवाज कापत होता.

ही भीती अगदीच निराधार नाही. १९३८ साली रोममध्ये सर्लेट्टी व बिनी या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हा भूल देत नसत. झटक्यांनी जीभ चावली जाई, कधी मणक्याचे हाडही मोडे. आता आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे.

प्रत्यक्षात काय करतात? आधी शिरेतून झोपेचे इंजेक्शन देतात. मग सहसा सक्सिनिलकोलीन हे औषध देतात. त्याने सारे स्नायू काही मिनिटे सैल पडतात, श्वासाचेसुद्धा. म्हणून तेवढा वेळ भूलतज्ज्ञ मास्क लावून फुग्याने ऑक्सिजन देतात. दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवतात. काही सेकंदच वीज दिली जाते. मेंदूत साधारण अर्धा ते एक मिनिट फिट येते, पण शरीराला फारसे हिसके बसत नाहीत. थोड्याच वेळात रुग्ण आपणहून श्वास घेतो, डोळे उघडतो. डोके दुखणे, थोडा गोंधळ, काही दिवसांचे विस्मरण असा त्रास होऊ शकतो.

हे सुरक्षित पार पडण्यात घरच्यांचाही वाटा असतो. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर रुग्णाला काही खायला देऊ नका. 'कपभर चहा' म्हणजेही खाणेच. भुलेत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. पाणी व नेहमीच्या गोळ्या यांबाबत भूलतज्ज्ञांना विचारा. रक्तदाब, हृदयविकार, दमा, हलणारे दात, घरात कोणाला भुलेचा झालेला त्रास, सारे सांगा.

एवढे बोलणे झाल्यावर ते गृहस्थ हळूच म्हणाले, "पंधरा दिवसांमागं त्यानं फवारणीचं औषध घेतलं होतं. पोलिस केसच्या भीतीनं शॉकच्या डॉक्टरांना सांगितलं नाही."

वाचकहो, हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. सक्सिनिलकोलीनचा असर उतरवणारे एक द्रव्य आपल्या रक्तात असते. अनेक कीटकनाशके ते कित्येक आठवडे कमी करून ठेवतात. मग पाच मिनिटांत परतणारा श्वास तासन् तास परतत नाही. मी लगेच भूलतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. त्यांनी रक्त तपासले आणि दुसरे औषध निवडले.

परवा तो तरुण स्वतः चालत दवाखान्यात आला. भाकरी गोड लागते, म्हणाला.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. भुलेच्या टेबलावर तर नाहीच नाही.